सुरगाठ

गणपती बसायच्या आदल्या दुपारी आई पंचखाद्य करायला बसली होती. खोबरं किसून झालं, खसखस भाजून झाली, खडीसाखर कुटून झाली, बेदाण्यांचे देठ काढून झाले, आणि खारका उरल्या. ती उठली. हल्ली तिचं उठणं म्हणजे आधी एक हात गुडघ्यावर, मग एक ओट्याच्या कडेवर, मग दोन क्षण नुसतंच उभं राहणं. मला वाटलं, पाणी प्यायला उठली असेल. पण ती भिंतीला धरून मागच्या बाल्कनीत गेली. तिथे माझा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावरच्या चाळीसेक वस्तूंमधून, चष्मा न लावता, तिने नेमका अडकित्त्यावर हात टाकला. दिवे गेल्यावर देवघरातल्या काडेपेटीवर हात पडावा, तसा. ओढला. आला नाही. पुन्हा जोर लावला, तेव्हा अख्खं प्लायवुड भिंतीपासून सुटून परत भिंतीवर आदळलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"चिकटवलास होय?"

दुकानापर्यंत चालत जावं, शटर खाली दिसावं आणि 'अरे, आज रविवार नाही का' असं स्वतःशीच म्हणत परत फिरावं, तसा तो सूर होता. पुढे काही बोलली नाही. आत जाऊन तिने खारका खलबत्त्यात घातल्या आणि बत्त्याने ठेचल्या. त्या वर्षीच्या पंचखाद्यात खारकेचे असे काही तुकडे होते की शेजारच्या काकांनी पहिल्याच आरतीला एक तुकडा गालात धरून सगळी मंत्रपुष्पांजली म्हटली. आई हसली, मीही हसले. पण तो 'होय' मला पाडव्यापर्यंत पुरला.

बोर्डाची हकिगत सांगायला हवी. अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही रामबागेतलं भाड्याचं जुनं घर सोडलं आणि राजेंद्रनगरला फ्लॅटमध्ये आलो. पन्नास वर्षांचं घर आवरायचं म्हणजे काय, हे ज्याने आवरलंय त्यालाच ठाऊक. सुरुवातीला मी फार शिस्तीत तीन ढीग केले होते: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. दुपारपर्यंत चौथा ढीग झाला आणि त्याला नाव सापडेना. त्यात होतं असं: अण्णांचा चष्मा, एका बाजूच्या काडीला दोरा गुंडाळलेला. दाढीच्या ब्लेडची रिकामी पाकिटं, निळसर, एकात एक खोचलेली. शेगावच्या बुक्क्याची पुडी. रेडिओचं बटण, रेडिओ नाही, फक्त बटण. कुठल्याच कुलुपाला न लागणाऱ्या सात किल्ल्या एका सुतळीत ओवलेल्या. आईचे आकडे, पिना, तुटलेल्या मंगळसूत्राचे काळे मणी एका होमिओपॅथीच्या बाटलीत. माझा शाळेतला गुण्या, दात काढलेल्या जागी ठेवायला कुणीतरी दिलेलं चांदीचं नाणं, फुटलेल्या बरणीचं झाकण. आणि अण्णांची कवळी.

आमच्या इंदुरात कचरा टाकणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही, हे बाहेरच्यांना पटकन समजत नाही. सकाळी गाडी गाणं वाजवत येते, आणि त्या गाण्यावर सगळी कॉलनी डबे घेऊन खाली उतरते. गाडीला सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरातला धोकादायक. २०१७ पासून सलग सात वर्षं देशात पहिला नंबर काही उगाच आला नाही. देवगुराडियाला जिथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर धुमसायचे, तिथे २०२२ पासून रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्याचा गॅस करायची सोय आहे, आणि आमच्या गिलक्या-दोडक्यांच्या सालींवर सिटी बस धावते. मला याचा मनापासून अभिमान आहे, पुण्याच्या नातेवाइकांपुढे तर जरा जास्तच. तर त्या सकाळी मी चौथा ढीग एका टोपलीत भरून खाली गेले. गाडीवरचा मुलगा पंचविशीतला, हातात मोजे, कामाला एकदम पक्का. त्याने टोपलीत हात घातला, ब्लेडची पाकिटं सुक्यात टाकली, बटण प्लास्टिकमध्ये टाकायला घेतलं, आणि मग त्याच्या हातात कवळी आली. तो थांबला. वरच्या ओळीचे चौदा दात त्याच्याकडे बघत होते. त्याने सहाही कप्प्यांवरून नजर फिरवली. "दीदी, ये किसमें?" मी म्हटलं, मला काय माहीत, तूच सांग भिया. मागे बायका डबे घेऊन उभ्या, गाणं दुसऱ्यांदा सुरू झालेलं. त्याने कवळी परत टोपलीत ठेवली, अगदी हळू, आणि म्हणाला, "इसको घर में ही रख लो."

मी टोपली घेऊन वर आले. सुक्यात गेलेली पाकिटंही परत मागून घेतली, हे सांगायला जरा लाज वाटते.

माझी नोकरी शाळेत चित्रकला शिकवायची. अठ्ठावीस वर्षं. शिकले इथल्याच कला महाविद्यालयात, ते देवळालीकरांनी सुरू केलेलं. त्यांच्या हाताखाली बेंद्रे शिकले, हुसेन शिकले, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून इतक्या वेळा ऐकवलं गेलं की दुसऱ्या वर्षापर्यंत आम्ही सगळे खचलो होतो. मी त्यातली चित्रकार झालेली नाही, शिक्षिका झालेली. वर्गात मुलांपुढे टेबल मांडायचं, त्यावर चादर, चादरीवर किटली, एक कप, दोन वांगी. वस्तुचित्र. किटली शिपायांच्या खोलीतून आणायची आणि तास संपला की परत द्यायची, कारण अकराला चहा. कितीदा तरी ती कोमट असायची. मुलं सावली रंगवायची आणि तोटीतून थोडी वाफ. एकदा एकाने वाफ इतकी सुंदर काढली होती की मी त्याला दहापैकी नऊ दिले आणि दहावा का कापला, हे त्याने विचारल्यावर मला उत्तर देता आलं नाही.

शाळेत दुसरा एक प्रकार असे, 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'. त्याबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात आयांची गर्दी. आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट, नवे प्लास्टिकचे चमचे, नव्या स्ट्रॉ, नवे कागदी कप. टाकाऊतून टिकाऊ करण्यासाठी आधी टाकाऊ विकत आणायचं. दुसऱ्या दिवशी त्याची झोपडी व्हायची, झोपडीला बक्षीस मिळायचं आणि आठवड्याने ती झोपडी खरोखरच्या कचऱ्यात. मी परीक्षक असायचे. एका मुलीने एकदा स्वतःच्या आजीच्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणल्या होत्या, नुसत्या एका दोऱ्यात ओवून, पडद्यासारख्या. हलवलं की पावसासारखा आवाज येई. तिला बक्षीस मिळालं नाही, कारण 'यातून काय बनवलं' या रकान्यात तिने काहीच लिहिलं नव्हतं. मी तिच्या बाजूने बोलले नाही. तो पडदा नंतर कुठे गेला कोण जाणे. मी मात्र चौथा ढीग घरी आणला, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो तोच.

आणि आठवले गुरुजी. विष्णू चिंचाळकरांना आमच्या शहरात नुसतं गुरुजीच म्हणायचे. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. वाळकं पान, काटकी, झाडाची साल, मोडकंतोडकं काहीही; त्यात त्यांना चेहरा दिसायचा, पक्षी दिसायचा, आणि ते दाखवल्यावर आपल्यालाही दिसायचा आणि मग दिसायचा थांबायचाच नाही. लहानपणी मी त्यांचं काम पाहून घरी आले आणि अख्खी दुपार अंगणातली पानं उलटी-सुलटी करण्यात घालवली. मला एकाही पानात काही दिसलं नाही. अण्णा म्हणाले, "दिसत नाही म्हणजे तुला पान दिसतंय. ते काय कमी आहे?" अण्णांचं हे असं असे. समजूत घालताहेत की टोमणा मारताहेत, ते कळायचं नाही.

अण्णा कापडाच्या गिरणीत होते, फोल्डिंग खात्यात. तयार ताग्यातलं कापड तपासायचं काम. त्यांच्या खिशात कायम पिक ग्लास असायची. पितळेची, तीन पानी, घडी घातली की काडेपेटीहून लहान. उघडली की खाली एक इंचाची चौकट आणि वर भिंग. ती कापडावर ठेवायची आणि एका इंचात ताण्याचे किती धागे, बाण्याचे किती, ते मोजायचे. ही सवय घरीही सुटली नाही. आईच्या नव्या पातळावर ठेवायचे, माझ्या युनिफॉर्मवर ठेवायचे, गुडघ्याला बांधलेल्या बँडेजवरसुद्धा. मला बघायला एक मुलगा आला होता, त्याला चहा देताना अण्णांनी शर्टाचं कापड छान आहे म्हणत त्याच्या बाहीवर ती चौकट टेकवली आणि ओठ हलवत मोजायला लागले. तो मुलगा हात चहाच्या कपासकट तसाच धरून बसला. शर्ट पास झाला. मुलगा नाही.

गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा मी कॉलेजात होते. त्या काळात शहरातल्या बाकीच्या गिरण्यांचंही तेच झालं. आज मालवा मिल म्हणजे एक चौराहा आहे, रिक्षावाल्याला सांगायचं नाव. अण्णांच्या गिरणीने देणी किती दिली, किती बुडवली, त्या कागदांची फाइल वेगळी आहे आणि ती मी कलेत घेणार नाही. त्यांनी गिरणीतून आणलं ते इतकंच: पिक ग्लास, हजेरीचा पितळी बिल्ला, नंबर ६१७, आणि ताग्यांच्या टोकांना कापलेल्या पट्ट्यांची एक पिशवी, ज्यांवर गिरणीचा छाप होता. पुढची वीस वर्षं ते एका कपड्याच्या दुकानात हिशेब लिहायला जात होते. पिक ग्लास खिशात होतीच. बिल्ला खिळ्याला टांगलेला. रोज सकाळी निघताना ते त्याला बोट लावायचे, देवाच्या तसबिरीला लावतात तसं, आणि आम्ही कुणी त्याबद्दल कधी काही बोललो नाही.

तर बोर्ड. चार बाय तीन फूट, बारा मिलिमीटरचं प्लायवुड. रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात आणलं. ठरवलं असं काही नव्हतं. चौथा ढीग त्यावर पसरून बघायचा, इतकंच. पसरला आणि दोन तास गेले. कवळी चष्म्याशेजारी ठेवली तर चेहरा होतो, फार सोपा आणि फार भयंकर. ती लांब नेली. किल्ल्या कवळीच्या खाली ठेवल्या, तेव्हा ती हसायची थांबली. ब्लेडच्या पाकिटांची ओळ लावली तर ती इस्त्रीच्या कपड्यांच्या चळतीसारखी दिसली. मग मला जागा पुरेना, आणि मी घरात वस्तू शोधायला लागले. इथे माझं चुकलं, हे आज समजतंय. ढीग संपला होता. मी कपाटांत शिरले. शेवया करायचं पितळी सोऱ्याचं एक ताट, आईचा अंगुस्तान, उदबत्तीचं घर, आणि अडकित्ता. तिला डॉक्टरांनी सुपारी बंद करून दोन वर्षं झाली होती. म्हणजे अडकित्ता रिकामा, असं मी धरलं. पोपटाच्या आकाराचा पितळी अडकित्ता, तिच्या आईकडून देवासहून आलेला, चोच झिजून बोथट झालेली, डोळ्याच्या जागी एक खोल टिंब. मध्यभागी लावायला मला असंच काहीतरी हवं होतं.

चिकटवण्यात एक सुख आहे, ते लपवत नाही. हलक्या वस्तूंना फेव्हिकॉल. लावताना दुधासारखा, सकाळपर्यंत दिसेनासा. पितळेला अ‍ॅराल्डाइट. दोन ट्यूब, दोन्हीतलं सारखं घ्यायचं, काडीने ढवळायचं. मग हाताशी थोडा वेळ असतो. त्या वेळात वस्तू सरकवता येते, वळवता येते, मन बदलता येतं. नंतर नाही. आवळायला वर डाळीचे डबे ठेवायचे. पहाटे उठून डबे उचलायचे आणि वस्तूला हलकेच ढकलून बघायचं. हलली नाही की पोटात काहीतरी शांत व्हायचं. पंधरा दिवस मी रोज पहाटे अशी उठत होते. अण्णांचं आता काही हरवणार नाही. कुणी विचारणार नाही की हे कुठल्या कप्प्यात.

मैत्रिणींना दाखवलं. एकीने फोटो काढला आणि म्हणाली, "अगं, हे तर इन्स्टॉलेशन आहे." मी मनातल्या मनात उंच झाले.

पुढे मग आईचा हात, आणि तो धप्प.

गणपती गेले, महालक्ष्म्या गेल्या, दिवाळी आली. आईने अडकित्त्याचं नाव काढलं नाही. तिने सुंठ फोडायला बत्ता वापरला, हळकुंडं फोडायला बत्ता, आणि दिवाळीत शेजारून अडकित्ता मागून आणला, धुऊन परत दिला. तो धुताना मी बघत होते. मला तिच्यावरच राग यायला लागला, हे विशेष. एक नवा घेऊन दिला तर? सराफ्यातून छान मजबूत आणला. तिने तो कपाटात ठेवला, "चांगलाय गं" म्हणाली. मी बोर्डकडे पाहायचं टाळायला लागले. बाल्कनीत कपडे वाळत घालताना ओला टॉवेल मुद्दाम त्याच्यासमोर येईल असा टाकायचे.

या काळात मी वाचायला लागले, की बाकीच्यांनी काय केलं. शिक्षकाची खोड, अडलं की पुस्तक. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, पाकिटं, चिटोरी वेचून चित्रात लावत होता. तो मला लगेच घरचा वाटला. डॅनियल स्पोएरीने १९६० साली पॅरिसमधल्या हॉटेलच्या खोलीत मैत्रिणीचा उरलेला नाश्ता, म्हणजे अंड्याची टरफलं, कप, चमचे, सिगारेटची थोटकं, होतं तसं फळीवर चिकटवलं, फळी खुर्चीवर बसवली आणि खुर्ची उचलून भिंतीला टांगली. आडवं टेबल उभं झालं. ते पाहून आधी मी हसले आणि मग कपाळावर हात मारला. तेच तर मी केलं होतं. फक्त त्याचा नाश्ता झाला होता. आमच्याकडे आई अजून जेवत होती.

आणि मग बीजिंगच्या सोंग डोंगचं काम सापडलं, २००५ सालचं. वडील वारल्यावर त्याच्या आईला घरात काही टाकवेना. साबणाच्या वड्या, रिकाम्या ट्यूब, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, चपला; टंचाईचे दिवस काढलेल्या बाईचं घर. त्याने ते सगळं, दहा हजारांहून जास्त वस्तू, जमिनीवर मांडलं, झाकणांशेजारी झाकणं, चपलांशेजारी चपला. आणि मांडायला आईलाच घेतलं. ती तिथे असायची, वस्तू लावायची, बघायला येणाऱ्यांशी बोलायची. फोटोत सगळं किती नीट दिसतं, एखाद्या मोठ्या घराण्याचं रुखवत मांडावं तसं. मी ते फोटो मोठे करकरून पाहिले. कुठेच डिंक नव्हता.

फोटो आईला दाखवले. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "हिचं आपल्यापेक्षा बरंच जास्त आहे," असं म्हणाली. आणि मग, "पण बाईने धुऊन ठेवलंय हो सगळं."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हेअर ड्रायर घेऊन बाल्कनीत बसले. अ‍ॅराल्डाइट उष्णतेने थोडा मऊ पडतो, हे माहीत होतं. पितळ ऊन पटकन घेतं आणि आत पोचवतं, हेही. पण पोपट जाडजूड. वीस मिनिटं गरम हवा मारली, बोटं भाजली, वास असा की शेजारून विचारणा झाली. मग पतंगाचा नायलॉनचा दोरा पितळेच्या आणि लाकडाच्या फटीत घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढला. दोरा तीनदा तुटला. शेवटी एकदम, कडक पापड मोडावा तसा आवाज झाला आणि अडकित्ता हातात आला. एकटा नाही आला. प्लायवुडचा वरचा पापुद्रा घेऊन आला. बोर्डवर आता पोपटाच्या आकाराची सोललेली जागा होती, फिकट, तंतूतंतूंची, आणि पोपटाच्या पोटाला तपकिरी साल. घासून काढू लागले तर आई म्हणाली, "राहू दे. धरायला बरं पडतं, घसरत नाही."

बाकीच्या वस्तूही मग सोडवल्याच. आठवडा लागला. ब्लेडची दोन पाकिटं फाटली. एका किल्लीचं नक्षीकाम गेलं. रेडिओचं बटण ड्रायरने वाकडं झालं आणि ते आता कशासारखंच दिसत नाही, अगदी गुरुजींनाही त्यात काही दिसलं असतं की नाही शंका आहे. प्लायवुडवर डिंकाचे डाग, ओरखडे, फिक्या जागा. खरं सांगायचं तर ते रिकामं प्लायवुड आधीच्या कामापेक्षा बघायला चांगलं होतं. दोन दिवस मी त्यालाच काम म्हणावं का, असा विचार करत होते. मग वाटलं, हा पळपुटेपणा झाला.

हँडड्रिलने प्रत्येक जागी दोन-दोन भोकं पाडली आणि वस्तू दोऱ्याने बांधायच्या ठरवल्या. दोरा अण्णांच्या पट्ट्या उसवून काढला. जुनं सूत, पण ताणून पाहिलं तर अजून दम होता. बांधायला बसले आणि आई शेजारी खुर्ची ओढून बसली. मी चष्मा बांधला, गाठ मारली, दुसरी मारली, कात्रीने टोक कापायला घेतलं. तिने कात्री धरली.

"निरगाठ कशाला मारतेस? सुरगाठ मार. ओढलं की सुटली पाहिजे."

मला सुरगाठ येते. परकराच्या नाडीला मारत मोठे झालेय. पण बोर्डच्या मागून, आंधळेपणाने, एका हाताने वस्तू पुढे धरून मारायची सवय नव्हती. तिने मारून दाखवली. तिची बोटं वाकडी झाली आहेत, सांधे सुजलेले. पण दोऱ्याला ती बोटं जुनी ओळखतात. फास, फासातून घडी, खेच. एक टोक लांब ठेवायचं, ओढायला. दोन दुपारी लागल्या. बांधता बांधता ती काहीबाही सांगत होती; कुठली किल्ली कुठल्या पेटीची, ती पेटी कुणी नेली, नेणाऱ्याशी नंतर का बोलणं राहिलं नाही. मी लिहून घ्यायला हवं होतं. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

तेव्हापासून बोर्ड कधीच पूर्ण नसतो. पिक ग्लास तर आठवड्यातून चार दिवस जागेवर नसते, कारण औषधाच्या पट्ट्यांवरची तारीख वाचायला आईला तीच बरी पडते. ती ठेवते आणि ओठ हलवत वाचते. अंगुस्तान नसतो. सोऱ्याचं ताट दिवाळीत गेलं, ते शिवरात्रीला आलं. कवळी कुणी नेत नाही, पण तिची जागा दोनदा बदलली आहे, आणि ती मी बदललेली नाही. वस्तू गेली की दोऱ्याची दोन टोकं लोंबतात, खालच्या बाजूला फिका डाग दिसतो. बाल्कनीत वारं आलं की किल्ल्या प्लायवुडवर वाजतात.

त्या मैत्रिणीने मध्यंतरी एका ग्रुप शोसाठी माझं नाव दिलं. फॉर्म आला. शीर्षक, माध्यम, आकार, वजन. आणि एक रकाना, सर्व भाग पक्के जोडलेले आहेत का, हो किंवा नाही. माध्यमात 'मिश्र' लिहिलं. वजन करायला बोर्ड काट्यावर ठेवला तर दर वेळी वेगळं भरे. फोन करून विचारलं, की प्रदर्शनाच्या मधेच एखादी वस्तू दोन दिवस घरी नेली तर चालेल का. पलीकडची मुलगी फार नम्र होती. म्हणाली, "मॅम, फिर वो काम अधूरा नहीं दिखेगा?" मी म्हटलं, दिखेगा. फॉर्म अजून टेबलाच्या खणात आहे. सुक्यातच जायचा आहे, पण टाकलेला नाही. पाठवला असता तर काही बिघडलं नसतं, असंही अधूनमधून वाटतं. भिंतीवर नाव लागलं असतं, अण्णांच्या बिल्ल्याखाली दिवा लागला असता. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांना मार्क दिल्यावर माणसाला तेवढं वाटायचंच.

यंदाही गणपती बसायच्या आदल्या दुपारी आई पंचखाद्य करायला बसली. खारकांची वेळ आली तेव्हा मीच उठले. बाल्कनीत जाऊन अडकित्त्याच्या दोऱ्याचं टोक ओढलं, गाठ सरकन सुटली, पोपट हातात आला. तो नेऊन दिला. परत येऊन, गेलं-आलेलं काय ते बघायला म्हणून, सगळे दोरे एकदा चाचपत गेले. चष्मा, सुरगाठ. किल्ल्या, सुरगाठ. पाकिटं, बाटली, झाकण. बिल्ल्यापाशी आले तर ओढायला टोकच लागेना. बोर्ड पुढे ओढून मागे वाकून पाहिलं. ६१७च्या मागे गाठीवर गाठ, त्यावर आणखी एक, टोकं कात्रीने अगदी मुळाशी कापलेली. मी मारलेली नव्हती. नखाने सोडवून पाहिली. आली नाही.

आतून अडकित्त्याचा आवाज येत होता, कट्, थांबून कट्. मी बोर्ड परत भिंतीला टेकवला आणि आत गेले. आईपुढे ताटलीत खारकेच्या चकत्या पडल्या होत्या, पातळ, जवळजवळ एकसारख्या.

"बारीक झाल्यात ना?" तिने विचारलं.

"झाल्यात," मी म्हटलं, आणि खसखशीचा डबा पुढे सरकवला.